एक्केचाळीस पावणे

"मोजूचा ता सगळा मोजा सायबानू, पण पावण्यांका मोजू नकात," भिवा मेतर म्हणाला आणि मोजणीच्या साखळीची मूठ त्याने माझ्या हातातून काढून वाळूवर ठेवली.

मी इकडेतिकडे पाहिलं. पावणे कुठेच दिसेनात. समोर समुद्र होता, मागे सुरूचं बन. मधल्या वाळूच्या उंचवट्यावर मर्यादवेलीच्या जाळ्यात काळे दगड रुतलेले होते. गुडघ्याएवढे, काही सरळ, काही कलंडलेले, कसली म्हणून रांग नाही.

"कुठले पावणे?"

"ह्येच," भिवा म्हणाला, आणि डोक्यावरची टोपी काढून त्याने दगडांकडे बघून मान लववली. अंगात सदरा नाही, कमरेला आखूड पंचा, पण टोपी मात्र पोलीस पाटलाची. मला हसू आलं. मी ते दाबलं नाही.

ही शहाऐंशी सालची गोष्ट. मी सव्वीस वर्षांचा होतो, भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार म्हणून चिकटून तीन वर्षं झाली होती, आणि घाटावरचा असल्यामुळे समुद्राबद्दल मला सगळं कळतं अशी माझी समजूत होती. समुद्र म्हणजे जिथे आपली साखळी थांबते ती हद्द, एवढंच मला कळत होतं.

भिवाने मला समजावून सांगितलं. भाटवण्याच्या खाडीच्या तोंडाशी पाणी असं काही वळतं की कुठे कुठे बुडालेली माणसं वाहत येऊन या पुळणीला लागतात. नाव कळत नाही, गाव कळत नाही. तोंडाची ओळख मासे ठेवत नाहीत. धर्मही कळत नाही, म्हणून गाव त्यांना जाळत नाही, पुरतं. "मुसलमान असलो तर जाळून पाप लागात. हिंदू असलो तर पुरला म्हणान रागावूचो नाय, समजान घेतलो," असा भिवाचा न्याय. ज्याच्या नजरेला तो पहिल्यांदा पडला त्या घराचा तो पावणा. त्या घराने खाडीतून दगड आणून लावायचा, नारळी पुनवेनंतरच्या पहिल्या मासळीची वाडी, म्हणजे नैवेद्य, पानावर त्याच्यापुढे ठेवायची, पाऊस सरला की उघडी पडलेली वाळू सारखी करून वेल पुन्हा पसरून घ्यायची. तिथली वाळू कुणी टोपलीभरसुद्धा उचलत नव्हतं. जाळी सुकवायला तिथे कुणी पसरत नव्हतं. पोरंसुद्धा लांबून वळसा घालून जात. जागा सरकारची होती, पण सरकारने ती कधी डोळ्यांनी पाहिली नव्हती. सांभाळली होती ती या पन्नास घरांनी.

आणि म्हणूनच माझी तिथे पाठवणी झाली होती. सरकारी दप्तरात त्या जागेपुढे एकच शब्द होता, 'पड'. शहरातल्या कुणा मंडळींनी ती पर्यटकांच्या खोल्या बांधायला मागितली होती. गावाने उलटा अर्ज केला होता की आमच्या पावण्यांची जागा आहे, देऊ नका. निघायच्या आदल्या दिवशी मामलेदारांनी मला बोलावून घेतलं. चांगला माणूस होता, निवृत्तीला आलेला.

"शिंगटे, गाव म्हणतं तिथे माणसं पुरली आहेत. दप्तर म्हणतं तिथे वाळू आहे. मला दप्तराच्या भाषेत बोलावं लागतं. दगड किती आहेत, कुठे आहेत, नकाशावर टिंबं दाखव आणि खाली आकडा लिही. आकडा असला तर मी भांडू शकेन. आकडा नसला तर त्या दगडांवर खोल्या उभ्या राहतील आणि मी बघत बसेन."

आता गाव म्हणत होतं, मोजू नका. ज्यांची जागा वाचवायला आलो तेच हात धरत होते. दैव देतं आणि कर्म नेतं, दुसरं काय!

माझी राहायची सोय भागीरथी कुबल नावाच्या विधवेच्या पडवीत केली होती. सगळा गाव तिला भागीकाकी म्हणे. साठीची, वाळलेल्या सुंगटा-कोलंबीसारखी, जीभ मात्र ओली. पहिल्याच रात्री ताट पुढे सारून म्हणाली, "घाट्या, काटे काढूक येतत मा? नायतर माज्या पडवीत मरशीत, आणि तुजो पण दगड माकाच लावचो लागात."

"काकी, तुमचा पण आहे का तिकडे पावणा?"

"आसा तर. निळ्या बटणांचो." जणू शेजारच्या घरात राहतो तसं तिने सांगितलं. "सदऱ्याक निळी बटणां होती. एक तुटलला. कोणीतरी शिवूचा होता ता ऱ्हवान गेला."

"आणि घरात कोण कोण?"

"मी आणि माजो जयवंत."

"दिसला नाही."

"दर्यार आसा," ती म्हणाली आणि माझ्या भातावर आणखी कालवण ओतलं. मासेमारीला गेला असेल, मी समजलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळाच्या अंगणात गाव जमवला. मी सगळं समजावून सांगितलं, अगदी मामलेदारांच्या शब्दांत. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं, माना डोलावल्या. मला वाटलं, जिंकलं. मग भिवा म्हणाला, "तुमचा सगळा बरोबर सायबानू. लिवा मग. पावणे बरेच."

"बरेच हा आकडा नाही."

"मग भरपूर लिवा."

"भिवाभाऊ, आकडा म्हणजे आकडा! वीस, तीस, शंभर."

"शंभर नसतले," मागून कुणीतरी म्हणालं, आणि लगेच त्याला बायकांनी गप्प केलं.

"पण मोजायला हरकत काय आहे?"

 एक म्हातारा खाकरून म्हणाला, "मोजले की वाढता एक."

मी कपाळाला हात लावला. त्यांना काय सांगायचं होतं ते मला कळलं असं मला वाटलं. अंधश्रद्धा आहे, एवढंच कळलं होतं. त्यांनी ते कारण परक्या माणसाला पटकन पटावं म्हणून पुढे केलं असावं, असं आज वाटतं. खरं कारण परक्यापुढे काढण्याजोगं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी ठरवलं की यांना न विचारताच यांचं भलं करायचं. भर दुपारी बाराला भाटवण्यात पुळणीवर कुणी जात नाही. ती देवचाराची वेळ, गावाचा तो अदृश्य रखवालदार तेव्हा आपल्या हद्दीतून फिरतो म्हणतात, आणि त्याच्या वाटेत माणसाने येऊ नये. मला ती वेळ सोयीची वाटली. एका डब्यात कालवलेला चुना घेतला, एक काडी घेतली, फळा आणि कागद खांद्याला लावला आणि सुरूच्या बनातून खाली उतरलो. रांग नसलेल्या वस्तू मोजायची आमची पद्धत ठरलेली आहे. जे मोजलं त्याला खूण करायची, म्हणजे दोनदा मोजलं जात नाही.

पहिल्या दगडाला चुन्याचा ठिपका लावला. एक.

वाळू चपलेतून भाजत होती. ओहोटीमुळे समुद्र लांब गेला होता, त्यामुळे लाटांचा आवाज येत नव्हता. सुरूचा आवाज मात्र थांबत नव्हता, कुणी दात मिटून श्वास घेत असावं तसा. मी मोठ्याने मोजत होतो, दहा, अकरा, बारा. प्रत्येक ठिपक्याबरोबर कागदावर टिंब. काही दगडांवर तेलाचा जुना थर होता, एकापुढे सुकलेलं पान होतं, एकाच्या बुंध्याशी कुणी फुटकी कपबशी नीट मांडून ठेवली होती. पंचविसाच्या पुढे मला वाटायला लागलं की माझ्यामागोमाग आणखी कुणीतरी मोजतंय. मी सव्वीस म्हटलं की क्षणाने सव्वीस. मी थांबलो की तेही थांबे. ऊन डोक्यात चढलंय, असं मी स्वतःला सांगितलं. भीती वाटत होती. सव्वीस वर्षांचा सरकारी नोकर भर दुपारी वाळूत उभा राहून घाबरला होता.

एक्केचाळीस झाले. घाम पुसून मी परत फिरलो, कुणी राहिला का बघायला. सगळ्यांच्या अंगावर पांढरा ठिपका. फक्त समुद्राच्या बाजूला, जरा खालच्या अंगाला एक दगड बिनठिपक्याचा होता, काळा, पुढे झुकलेला. हा कसा सुटला? मी खाली गेलो, वाकलो. "बेचाळीस," म्हणालो आणि काडी टेकवली.

दगडाने मान वर केली.

डबा माझ्या हातातून पडला. चुना वाळूवर सांडला. भागीकाकी होती. काळं लुगडं डोक्यावरून ओढून आपल्या पावण्याजवळ उकिडवी बसली होती. कपाळावर माझा चुन्याचा ठिपका.

"मोजलंस?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता.

"काकी, तुम्ही इथे? या वेळेला?"

"मी रोज येतंय. ह्या वेळार कोण नसता, बोलाक बरा पडता. मोजलंस काय, ता सांग."

"मोजले. तुमच्याच भल्यासाठी."

"आमचा भला!" ती म्हणाली. पदराने कपाळ पुसलं. "लग्नात पंगत मोजतत काय रे? पानां मोजून मांडली की उशिरा येतलो तेणी खंय बसूचा?"

"ही पंगत नाही काकी. आकडा लिहिला नाही तर इथे खोल्या होतील. शहरातली माणसं येऊन या दगडांवर खुर्च्या टाकून बसतील. चालेल तुम्हाला?"

 तिचा एक हात त्या दगडावर होता. बोटं सावकाश फिरत होती.

"आणि लिवलंस तर?"

"तर या जागेला कुणीही हात लावू शकणार नाही."

"कोणच नाय?"

"कुणीच नाही. मी सांगतो ना."

"मग लीव," ती म्हणाली. "पण किती ता माका सांगू नको. गावात पण बोलू नको." मग उठली, आणि एकदम नेहमीच्या आवाजात ओरडली, "आणि पावण्याच्या तोंडाक चुनो फासतत काय रे, मेल्या? घाटार हीच रीत?"

तिने पदर समुद्रात भिजवून आणला आणि एकेक दगड पुसायला सुरुवात केली. मी मदतीला पुढे झालो तर हाताने मागे सारलं. चार वाजेपर्यंत ती पुसत होती. मी सुरूखाली बसून नकाशा पक्का केला. एक्केचाळीस टिंबं, शाईने, गोल आणि सुरेख. माझी टिंबं खात्यात नावाजलेली होती.

संध्याकाळी भिवाला मी सहज विचारलं, "काकींचा मुलगा किती दिवसांनी येतो?"

भिवाने माझ्याकडे बघितलं. "जयवंत? सायबानू, बारा वर्सां झाली. होडी इली, तो येवक नाय. खंय लागलो ता पण कळूक नाय."

त्या रात्री मला पडवीत झोप लागली नाही. आतल्या खोलीत काकी भांडी घासत होती आणि कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होती. कान देऊन ऐकायचं धैर्य मला झालं नाही.

जागा वाचली. मामलेदारांनी शब्द पाळला. माझा नकाशा पुढे करून ते वरपर्यंत भांडले आणि निवृत्त व्हायच्या आठ दिवस आधी आदेश काढून घेतला. शहरातली मंडळी हात हलवत परत गेली. भिवा डोक्यावर टोपी आणि अंगात चक्क सदरा घालून कचेरीत आला, माझ्या टेबलावर दोन नारळ आणि सुक्या बांगड्यांची जुडी ठेवली. कचेरीभर वास सुटला. "गावान देवळात तुमच्या नावान गाऱ्हाणा घातल्यानी," तो म्हणाला. "तुमच्या मुलाबाळांक दर्यान कधी त्रास देव नये म्हणान." मी तेव्हा अविवाहित होतो, आणि माझ्या गावापासून समुद्र सहा तासांवर होता. तरी मला भरून आलं.

त्या आदेशात एक ओळ होती. 'सदर ठिकाणी असलेल्या एक्केचाळीस शिळा आहेत तशा कायम ठेवाव्यात, त्यांच्या संख्येत वाढ अथवा घट करू नये.' खोटं कशाला सांगू, मी ती ओळ वाचली होती. वाचली आणि मला ती नीटनेटकी वाटली.

पुढच्या वर्षी श्रावण सरता सरता सकाळी सकाळी कचेरीतून बोलावणं आलं. नवे मामलेदार रुजू झाले होते, माझ्याहून चारच वर्षांनी मोठे. "भाटवण्याला प्रेत लागलंय," ते म्हणाले. "गाव पुरायला निघालंय. तुमचा नकाशा घ्या आणि चला."

जीप सुरूच्या बनापाशी थांबली. खाली पुळणीवर सगळं गाव होतं. जुन्या शिडाचं कापड पांघरून तो वाळूत ठेवलेला होता. फक्त पावलं बाहेर होती, पांढरी, सुरकुतलेली. शेजारी कमरेएवढा खड्डा. खाडीतला दगडही येऊन पडला होता, ओला. भागीकाकी त्याच्या उशाशी बसली होती. पहाटे तिलाच तो दिसला होता, म्हणजे तो तिचा पावणा. माझ्याकडे बघून ती ओळखीचं हसली. "इलंस रे घाट्या? बस. न्हाणून घातलाहा तेका."

नवे मामलेदार दुष्ट नव्हते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण ते तसे असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी चपला काढून प्रेताला नमस्कार केला आणि मग भिवाला बाजूला घेतलं.

"पाटील, मला अडवायची हौस नाही. पण आदेश तुमच्याच अर्जावर निघालाय. एक्केचाळीस म्हणजे एक्केचाळीस. आज इथे बेचाळिसावा लागला तर ती शहरातली मंडळी उद्या कोर्टात उभी राहतील. गावच आदेश मोडतं म्हणतील. मग सगळीच जागा जाईल. ती मी घालवू?"

"पण मग ह्येका खंय न्हेतलंस?" भिवाने विचारलं. घाबरला की तो साहेबालाही अरेतुरे करायचा.

"तालुक्याला. दवाखान्यात ठेवतील, कुणी आलं तर देतील. नाहीतर आहेच नगरपालिका."

"जाळतली?"

"पद्धत असेल ती करतील."

गावात कुजबुज झाली. काकीला काय चाललंय ते अजून नीट कळलं नव्हतं. ती शिडाच्या कापडावर बसणाऱ्या माश्या हाकत होती.

मामलेदारांनी मला हाक मारली. नकाशा जीपच्या टपावर उघडला. आवाज खाली आणून, पण भिवाला ऐकू जाईल इतपत, ते म्हणाले, "शिंगटे, मोजणी तुमची. वाळूचा भाग आहे. एखादा दगड वाळूखाली गेलेला असेल, तुमच्या नजरेतून सुटला असेल. तसं असेल तर आत्ता सांगा. चुकून राहिला असं तुम्ही लिहून दिलंत तर मी इथल्या इथे नोंद दुरुस्त करतो. बेचाळीस."

दार उघडून धरलं होतं त्यांनी. एका वाक्याचं काम होतं.

"आसतलो सायबानू," भिवा घाईघाईने म्हणाला. "वाळयेखाली आसतलो. दोन पण आसतीत."

सगळे माझ्याकडे बघत होते. माझी टिंबं नकाशावर गोल, सुरेख बसली होती. खाली माझी सही. मोजणीत चूक झाली असं लेखी दिलं की ते कायम दप्तरात राहतं, बढतीच्या वेळी कुणीतरी उकरून काढतं, हे मला ठाऊक होतं. नवे साहेब माझी परीक्षाच घेत असतील अशीही शंका आली. पण ही सगळी नंतर शोधलेली कारणं आहेत. त्या क्षणी मला फक्त राग आला होता, की माझी मोजणी चुकली असं कुणी म्हणावं! मी भर बाराच्या उन्हात एकेक दगडाला खूण करून मोजले होते.

"नाही साहेब," मी म्हणालो. "एक्केचाळीस. पक्के."

मामलेदारांनी नकाशाची घडी केली. भिवाने टोपी घातली, मग परत काढली. कुणी आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. चारपाच माणसं पुढे झाली आणि त्यांनी आपण खणलेला खड्डा हातांनी बुजवायला घेतला.

नंतरचं आधीच सांगून टाकतो. जागा आजही आहे. कुंपण आहे, पाटी आहे, मर्यादवेल आहे. एक्केचाळीसचे एक्केचाळीस दगड आहेत, आणि त्यांत भर पडलेली नाही. निवृत्त झाल्यावर एकदा मी गेलो होतो. भिवा गेलेला, काकी त्याआधीच गेलेली. भिवाच्या मुलाने चहा दिला. मी विचारलं, "आता कुणी वाहत आलं तर काय करता?"  तो म्हणाला, "किनाऱ्यार लागलो तर फोन करतव. पण दर्यार दिसलो तर होडी वळवतव. उगाच घरी आणून काय करूचा?" त्याने ते शरमेने सांगितलं, आणि शरम खरं तर त्याची नव्हती. तेव्हापासून मला दुपारी झोप लागत नाही. डोळे मिटले की उन्हातला समुद्र दिसतो, आणि होड्या कुणाला तरी वळसा घालून जाताना दिसतात.

तर त्या दिवशी. चौघांनी त्याला शिडासकट उचलून जीपच्या मागच्या बाजूला ठेवला. मामलेदार पुढे बसले. मला मागे, त्याच्याजवळ बसावं लागलं. गाडी सुरू होणार तेवढ्यात भागीकाकी बनातून वर येताना दिसली. हातात तांब्या होता. चढावर तिला दम लागला होता, पण पाणी सांडू देत नव्हती.

"जरा थांबवा," मी ड्रायव्हरला म्हणालो.

ती मागे आली. शिडाचं कापड जरासं वर केलं आणि त्या पांढऱ्या पावलांवर पाणी ओतलं. पुसायला पदर पुढे केला.

"माफ कर हां बाबा," ती त्याला म्हणाली. "घर भरलाहा."

मग कापड नीट केलं, चारी बाजूंनी खोचलं. माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर मला शिव्या देण्याची काही तयारी दिसेना, आणि मी तर शिव्यांचीच वाट बघत होतो.

"घाट्या, तू शिकललो मा. माका एक सांग. आमी हय कोणाच्या तरी झिलाक, पोराक घेतव, म्हणान थंय कोणतरी आमच्याक घेता. आमचा दर्याबरोबर इतक्याच ठरलला. मोजलंस म्हणान माका राग नाय." तिने रिकामा तांब्या छातीशी धरला. "पण आज आमी ह्येका परत धाडलो. माज्या जयवंताक पण खंयच्या तरी गावान असाच सांगल्यानी असतला काय रे? घर भरलाहा म्हणान?"

"नाही काकी," मी म्हणालो. "असं कुणी सांगत नाही. कुठेच नाही. त्याला घेतला असणार."

तिने मान हलवली. जीप निघाली.

पस्तीस वर्षांच्या नोकरीत जाणूनबुजून बोललेलं माझं ते एकच खोटं, आणि तेही मी अर्ध्या तासाने उशिरा बोललो.